मोजता येणारे जेवण

1862 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाचे वजन 202 पौंड, म्हणजे 92 किलोच्या आसपास होते. उंची बेताची, पाच फूट पाच इंच. धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहण्याचा, आणि गिऱ्हाईक थेट राजघराण्यापर्यंतचे. विल्यम हार्वी या डॉक्टरने त्याचा पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले आणि वर्षभरात बँटिंग 46 पौंडांनी उतरला. 1863 मध्ये त्याने ही हकिगत पुस्तिका म्हणून छापली आणि ती हातोहात खपली. तिच्यातला खाण्याचा भाग आज वाचला तर एक गोष्ट नजरेत भरते. मांस, मासे, भाज्या आणि वाइन हेच मुख्यतः त्याचे खाणे. ते कोपऱ्यावरच्या खाटकाकडे आणि भाजीवाल्याकडे मिळणारे होते. वजन उतरवायला त्याला कुठल्याही कारखान्याची गरज पडली नाही. आज पुण्यात किंवा शिकागोत जिमला जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत प्रोटीन पावडर असते, साखर नसलेले कोल्ड्रिंक असते, ‘डाएट’ असे छापलेल्या चिवड्याचे किंवा बिस्किटांचे पाकीट असते. पाकिटातल्या खाण्याने वजन वाढते, हे त्याला ठाऊक असते. तरी वजन उतरवायला तो पाकिटाकडेच वळतो. कंपन्यांनी त्याला फसवले, असे यावर झटकन म्हटले जाते. कंपन्या साळसूद नाहीत हे खरे. पण इतिहास पाहिला तर पाकीट या रिवाजात बाहेरून घुसलेले दिसत नाही. वजन उतरवणे हे मोजणीचे काम झाले, तेव्हाच पाकिटाची जागा तयार झाली.

ही मोजणी मुळात जाड माणसांसाठी नव्हतीच. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी, वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात माणूस आत बसेल एवढी खोली बांधली आणि तो किती उष्णता बाहेर टाकतो हे मोजले. 1896 मध्ये त्याने अमेरिकी खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके छापली. प्रथिने आणि पिष्ट यांच्या दर ग्रॅमला चार आणि स्निग्धाला नऊ कॅलरी, हा आपल्याकडच्या प्रत्येक पाकिटामागचा हिशेब त्याच्याच कामातून आला आहे. त्याची काळजी मात्र उलटी होती: मजुराला कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त ताकद कशी मिळेल? त्या हिशेबाने हिरवी भाजी त्याला पैशांची नासाडी वाटे. आपल्याकडेही तेच घडले. 1937 मध्ये कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेतून तिचे संचालक अ‍ॅक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची जी पुस्तिका काढली, ती अर्धपोटी देशासाठी होती. अमेरिकेत मात्र उपाशी माणसासाठी केलेली कोष्टके भरल्या पोटाच्या माणसाने उचलली, ती त्याआधीच, पहिल्या महायुद्धाच्या काळात. 1918 मध्ये लॉस एंजलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांचे पुस्तक आले. पावाचे तुकडे मोजू नका, शंभर कॅलरींचा पाव मोजा, अशी त्यांची शिकवण होती. वाचकांनी ती मनावर घेतली, पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि वजन ही आकडेमोड झाली.

आता ही आकडेमोड स्वयंपाकघरात करून पाहा. ज्वारीची भाकरी किती कॅलरींची? ती कोणाच्या हातची, केवढी, पीठ किती, यावर ते ठरणार. आमटीत तेल किती पडले हे फोडणी देणारीलाच ठाऊक, आणि तीही मोजून टाकत नाही. पातेल्यातली भाजी घरातल्या चौघांची. त्यातली आपली वाटणी म्हणजे निव्वळ अंदाज. पाकिटाचे तसे नाही. कारखान्यात प्रत्येक बिस्कीट सारख्या वजनाचे, प्रत्येक डबा सारख्या मापाचा, आणि आकडा वर छापलेला. ज्याला रोज रात्री वहीत किंवा आता फोनमध्ये जमाखर्च मांडायचा आहे, त्याच्या दृष्टीने घरचे जेवण म्हणजे पावती नसलेला खर्च. तो पाकिटाकडे वळतो ते आळसाने किंवा अडाणीपणाने नव्हे. त्याला जी शिस्त शिकवली गेली, ती पाळायची सर्वांत सोपी सोय तिथे आहे म्हणून.

ही सोय धंदा म्हणून पहिल्यांदा नीट ओळखली ती इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलच्या मीड जॉन्सन कंपनीने. ही कंपनी तान्ह्या मुलांचे आणि आजाऱ्यांचे अन्न बनवणारी. गिळता न येणाऱ्या, अशक्त रुग्णांसाठी तिच्याकडे एक पूड होती. तिच्यासारखीच, दुधाची पावडर, सोयाबीनचे पीठ, जीवनसत्त्वे अशी सामग्री घालून केलेली पूड तिने 1959 मध्ये ‘मेट्रेकॅल’ नावाने बाजारात आणली. दिवसाला चार पेले, प्रत्येक पेला 225 कॅलरींचा, एकूण 900. बेरीज शाळकरी मुलालाही जमावी. आधी डॉक्टरांच्या नियतकालिकांतून जाहिरात, मग सर्वांसाठी. थोड्याच काळात तयार द्रवाचे डबे आणि पुढे त्याच नावाची बिस्किटे निघाली. दोन वर्षांत अमेरिकेत नकलांची रांग लागली. मेट्रेकॅलचे यश चवीचे नव्हते. चव खडूमातीची, असे लोक म्हणत आणि तरी पीत. माझ्या मते हाच या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. वजन उतरायचे ते त्या पुडीत काही जादू होती म्हणून नव्हे. पाचवा पेला प्यावासा कोणाला वाटत नसे, म्हणून. आजाऱ्याचे अन्न कंटाळवाणे असते आणि कंटाळा हाच इथे गुण ठरला. अर्थात त्याच कंटाळ्याने ग्राहकही पळाले आणि साठचे दशक संपेपर्यंत मेट्रेकॅलचा भर ओसरला.

धंद्याने यातून धडा घेतला, तो चुकीचा. आकडा ठेवायचा, कंटाळा काढून टाकायचा. साखरेवाचूनच्या शीतपेयाचा प्रवासही असाच. 1952 मध्ये ब्रुकलिनच्या हायमन कर्श यांनी ‘नो-कॅल’ काढले ते मधुमेहाच्या रुग्णांना पिता यावे म्हणून. तीस वर्षांनी डाएट कोक आला तेव्हा रुग्णाचा मागमूस उरला नव्हता. वेट वॉचर्सची गोष्ट आणखी बोलकी आहे. 1963 मध्ये न्यू यॉर्कच्या जीन निडेच यांनी ही संस्था सुरू केली, तेव्हा खाण्याचा तक्ता शहराच्या आरोग्य खात्याचा होता; त्यात मासे, भाज्या, आठवड्यातून एकदा कलेजी असा घरी शिजवायचा मामला होता. 1978 मध्ये केचपवाल्या हाइन्झने संस्था विकत घेतली, आणि सभेला येणाऱ्या बायांना फ्रीजरमधली तयार जेवणे विकण्याचा मार्ग मोकळा झाला. 1981 मध्ये ‘लीन क्विझिन’ आले: तीनशेहून कमी कॅलरींचे गोठवलेले ताट. दरम्यान 1976–77 मध्ये जनावरांच्या कातडी आणि स्नायुबंधांपासून केलेल्या ‘लिक्विड प्रोटीन’ची लाट येऊन गेली. केवळ त्यावर राहिलेल्या लोकांपैकी पन्नासहून अधिक जणांच्या मृत्यूंची नोंद झाली, बरेचसे हृदयाचे ठोके बिघडून. आकडा कमी होता, प्रथिने भरपूर होती. ती शरीराला पुरेशी पडणारी नव्हती हे आकड्यात दिसत नव्हते.

याच वाटेचे टोक म्हणजे 1992 मध्ये नबिस्कोने आणलेली ‘स्नॅकवेल्स’ बिस्किटे. चरबी हाच शत्रू, असे त्या काळी सरकारी अहवालांपासून मासिकांपर्यंत सगळे सांगत होते. नबिस्कोने चॉकलेटच्या बिस्किटातली चरबी शून्यावर आणली आणि चव टिकवायला साखर व पिष्ट ठेवले. दुकानांत टंचाई झाली. काही वर्षांत वार्षिक विक्री चाळीस कोटी डॉलरांच्या पुढे गेली. लोक एका बैठकीत खोका संपवू लागले, कारण पाकिटावर परवानगी छापलेली होती. मराठी माणसाला हे नव्याने समजावायला नको. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याकडे स्नॅकवेल्सच्या कितीतरी आधीपासून आहे. उपवासाच्या यादीत बसतो एवढ्यावर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि बटाट्याचे वेफर्स पोटभर खाणाऱ्या घराला ‘लो फॅट’ या शिक्क्याचे मानसशास्त्र उपजतच कळते. यादीत काय चालते हे ठरलेले असते. किती, यावर यादी गप्प असते.

यावर एक सबळ आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पाकिटाने वजन उतरते याचे पुरावे आहेत. 2010 मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी मुख्यतः ट्विंकी आणि तत्सम क्रीमभरली केकबिस्किटे खाऊन, एकूण कॅलरी आवरून, दहा आठवड्यांत 27 पौंड घटवले. हा झाला तमाशा. त्यांच्या ताटात थोडी भाजी आणि प्रोटीन शेकही होता. पण ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीला तमाशा म्हणता येत नाही. तिथे टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज केवळ साडेआठशेच्या आसपास कॅलरींच्या तयार पुड्या दिल्या, आणि वर्षाअखेर 46 टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहमुक्तीच्या मर्यादेत आले. मग पाकिटाला दोष का द्यायचा? माझे उत्तर असे की हे दोन्ही दाखले माझ्याच बाजूचे आहेत. हॉब यांनी आकडा स्वतः कडक पाळला. ट्विंकीने त्यांना थांबवले नाही, त्यांनी ट्विंकीला थांबवले. ‘डायरेक्ट’मधली पुडी तर मेट्रेकॅलच्या घराण्यातली आहे: ठरावीक मुदतीची, निवडीला वाव न देणारी, दवाखान्याच्या देखरेखीखालची, आणि नंतर साध्या जेवणावर परत आणणारी. सुपरमार्केटच्या फळीवरची वस्तू या घराण्याचे नाव लावते, पण तिचा धर्म स्नॅकवेल्सचा आहे.

आकडा सारखा ठेवला तरी पाकीट आणि ताट सारखे वागत नाहीत, हेही आता तपासले गेले आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी वीस जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, तंतू यांचे मान जुळवलेले होते आणि हवे तेवढे खा अशी मुभा होती. पाकिटातल्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन बसली आणि जवळपास एक किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. माणसे थोडी, मुदत अल्प, हा आक्षेप रास्त आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 55 जणांवर, प्रत्येक आहारावर आठ आठवडे, अशी चाचणी घेतली आणि दोन्ही आहार सरकारी आरोग्यसूत्रांत बसवले; निकाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींवर वजन उतरले. साध्या अन्नावर दोन टक्के, पाकिटांच्या अन्नावर एक टक्का. म्हणजे चांगले पाकीट निवडणारा अगदीच नुकसानीत नाही, पण त्याची गती निम्मी आहे. शिवाय प्रक्रिया म्हणजे सरसकट पाप, असेही इथे म्हणायचे नाही. पोहे, दही, चण्याचे डाळे हेही प्रक्रिया केलेलेच. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी 2009 मध्ये प्रक्रियेनुसार अन्नाची जी वर्गवारी सुचवली, तिचा रोख घरात नसलेल्या घटकांनी जुळवलेल्या कारखानी मिश्रणांवर आहे. एकटे राहणाऱ्याला किंवा दोन पाळ्या करणाऱ्या बाईला तयार ताट हाच आधार असतो, हेही विसरून चालत नाही. तिला उपदेशाऐवजी वेळ हवा आहे.

हा इतिहास आपल्या दारात येऊन बरीच वर्षे झाली. 1994 मध्ये केलॉगने नवी मुंबईजवळ तळोज्याला कारखाना काढला तेव्हा विकायचा होता नाश्ता. आज दुकानात नाश्त्याच्या त्याच फळीवर कंबर आणि वजन यांची भाषा चालते, शेजारी प्रोटीन बार असतात, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही व्हे प्रोटीनचे डबे मिळतात. 2024 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवी सूत्रे जाहीर करताना शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पुड्या घेऊ नका, असे स्पष्ट सांगितले. त्या सूत्रांमागे उभी असलेली संस्था म्हणजे कुन्नूरहून हलवलेली अ‍ॅक्रॉइड यांचीच प्रयोगशाळा. तेव्हा पाकीट घ्यायचेच असेल तर वाचकाने दोन गोष्टी कराव्यात. मागचा आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाटणीचा, हे पाहून पाकिटात तसे किती शंभर ग्रॅम किंवा किती वाटण्या आहेत, त्या संख्येने त्याला गुणावे. आणि ते उघडल्यावर आपण सहसा कुठे थांबतो, याचे खरे उत्तर स्वतःला द्यावे. ते पाकिटावर छापण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नाही.