तळटीप : ‘बहात्तर साली चुकारा हप्त्यांनी आला’

बहात्तर साल म्हटले की उरलेल्या महाराष्ट्राला दुष्काळ आठवतो. खडी फोडणारे हात, सुकडी, रोजगार हमीची सुरुवात. राळेगावच्या काळ्या मातीतला लेखक मात्र इथे कापसाबद्दल बोलतो आहे, हे ध्यानात घेतले नाही तर पुढची चार पाने उलगडत नाहीत. १९७१च्या कायद्यान्वये १९७२-७३च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक राळेगावच्याच जिल्ह्यातले, पुसदकडचे. खासगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याचा कापूस घ्यायला बंदी आली आणि कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सरकारी संकलन केंद्राकडे वळल्या. तिथे ग्रेडर बंडीत कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस वर काढी, चिमटीत धागा ताणून पाही, ओल, कवडी, पालापाचोळा बघून प्रत सांगे. त्या एका शब्दावर वर्षाची कमाई ठरे. ‘चुकारा’ म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे. ते हप्त्यांनी मिळत आणि अंतिम भाव हंगाम सरल्यावर ठरे. घरात लग्न निघालेल्या शेतकऱ्याला ही वाट पाहणे फार जड जाई. तरीही योजना फसली असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते; पडत्या बाजारातही हमीभावाने माल उचलणारे गिऱ्हाईक तिनेच उभे केले. मजकुरातील ‘पऱ्हाटी’ म्हणजे कापसाचे झाड. वेचण्या आटोपल्या की तिच्या काड्या चुलीला लागत.