करौनि, करून आणि अंबाजोगाईची ओवी

इटालियन शिकणाऱ्याला क्रियापदावरचा आघात फार छळतो. ‘पार्लो’ म्हणजे मी बोलतो, आणि जोर शेवटच्या अक्षरावर नेला की ‘तो बोलला’! मराठीत आघाताने असा काळ बदलत नाही. पण आपली क्रियापदं तोंडात फुटतात मात्र मजेशीर. ‘उतरे’ म्हणताना उत्-रे, ‘उतरला’ म्हणताना उ-तर्-ला. लिपीत ‘उतर’ तेच, फोड वेगळी. बीडकडचं ‘काय करायलास?’ घ्या : लिहिताना पाच अक्षरं, पण ‘करायलास’ बोलताना क-राय्-लास् एवढंच.

हे सगळं आठवलं मुकुंदराजांमुळे. अंबाजोगाईला त्यांची समाधी दाखवतात. ‘विवेकसिंधु’चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८. ज्ञानेश्वरीच्या आधी शंभर वर्षं. पण हाती असलेल्या पोथ्यांतली भाषा इतकी सोपी, इतकी अलीकडची वाटते की अभ्यासकांनी काळावर शंका घेतली. (स्थळावरही घेतली, विदर्भातल्या अंभोऱ्याचाही दावा आहे. असो.)

आता बघा, जुनं ‘करौनि’ म्हणजे क-रौ-नि, तीन अक्षरं. आजचं ‘करून’ बोलताना क-रून्, दोनच. ग्रंथ श्लोकात असता आणि नक्कल करणाऱ्याने नकळत आपल्या काळचं रूप घातलं असतं, तर वृत्त लंगडलं असतं आणि चोरी पकडता आली असती. ओवीत तसं होत नाही. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा जरा आखूड. अक्षरसंख्येचं बंधन नाही. एखादं अक्षर गळलं तरी ओवी कुरकुरत नाही. ज्या सैलपणामुळे ती जात्यावर बसली, त्याच सैलपणाने पुरावा पुसला. ज्ञानेश्वरीचे पाठ असेच बिघडले होते, म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली ती शुद्ध करावी लागली. ‘विवेकसिंधु’ला असा एकनाथ भेटला नाही.

दगडाचं बरं असतं. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातलं ‘करवियलें’ आजही ‘करवियलें’च आहे. आपण त्याचं ‘करवलं’ केलं, पण तिथे छिन्नी घेऊन कोणी गेलं नाही.

मराठवाड्यात मुकुंदराजांना आद्यकवी म्हणतात, मीही म्हणतो. पण पोथीतल्या क्रियापदांवरून त्यांचं वय ठरवू नये. ती बरीचशी नकलकारांची आहेत.