दट्ट्या सर्वांचा, घुमट एकाचा

काचेच्या उभट भांड्यात जाडसर दळलेली कॉफी घ्यायची, तीवर गरम पाणी ओतायचे, चारेक मिनिटांनी जाळीचा दट्ट्या खाली दाबायचा. चोथा तळाशी, कॉफी वर. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पाणी कॉफीतून झिरपते. इथे कॉफी पाण्यात मुरते. या भांड्याला आपण अमेरिकनांचे पाहून ‘फ्रेंच प्रेस’ म्हणतो. इंग्रज त्यालाच ‘कॅफेतिएर’ म्हणतात, ऑस्ट्रेलियन ‘प्लंजर’. नावातले ‘फ्रेंच’ कितपत खरे, एवढेच पाहण्यासाठी मी पेटंटांचा इतिहास आणि न्यायालयांचे निकाल वाचू लागलो. हाती लागली ती मात्र मालकीची गोष्ट.

1852मध्ये पॅरिसच्या मेयर आणि देलफोर्ज यांनी अशा भांड्याचे पेटंट घेतले. दांड्याच्या टोकाला भोके पाडलेला पत्रा आणि त्याच्या दोन्ही अंगांना फ्लॅनेल, अशी ती रचना. खरी अडचण होती कडेची. चकती सैल बसली तर चोथा निसटणार, घट्ट बसली तर दट्ट्या अडकणार. त्यावरचा उपाय मिलानच्या आत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांनी काढला. त्यांनी चकतीच्या कडेला स्प्रिंग बसवली. त्यांचे अमेरिकन पेटंट 1931चे आहे. पुढे 1950च्या दशकात फालिएरो बोन्दानिनी यांनी रचना आणखी सुधारली आणि फ्रान्समधल्या मार्तां कंपनीचे ‘शाम्बोर’ हे भांडे घरोघरी गेले.

पेटंटाची मुदत संपली की युक्ती सर्वांची होते. दट्ट्या, जाळी, स्प्रिंग आज कोणीही बनवावी. मग भांडण उरते ते आकाराचे.

कोपनहेगनमध्ये 1944 साली सुरू झालेल्या बोडम कंपनीने 1974मध्ये कार्स्टन यॉर्गेनसेन यांनी रेखाटलेले ‘बिस्त्रो’ बाजारात आणले आणि 1991मध्ये मार्तां कंपनीच विकत घेतली. त्याच वेळी झालेल्या करारात एका ब्रिटिश कंपनीला तशाच आकाराची भांडी फ्रान्सबाहेर विकण्याची मुभा राहिली. अमेरिकेतल्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 2010मध्ये त्याच करारावर बोट ठेवून बोडमच्या विरोधात निकाल दिला. करार फ्रेंच कायद्याखालचा होता. परका कायदा भाडोत्री तज्ज्ञांकडून ऐकण्यापेक्षा न्यायाधीशांनी पुस्तके वाचून समजून घ्यावा, असे मत तिथे ईस्टरब्रुक आणि पॉझ्नर या दोघा न्यायाधीशांनी मांडले. माझ्यासारख्या स्वतःच शिकलेल्याला ते वाचून बरे वाटले.

2019मध्ये त्याच न्यायालयात दुसऱ्या एका विक्रेत्याविरुद्ध बोडम जिंकली आणि ज्यूरीने ठरवलेली वीस लाख डॉलरची भरपाई कायम राहिली. वाद घुमटाकार झाकण, गोल बोंडी, इंग्रजी ‘सी’सारखी मूठ आणि धातूच्या चौकटीचे वळणदार पाय यांचा होता. कायद्याची मेख अशी की, आकारावर हक्क सांगायचा तर तो उपयोगापुरता नाही, हे दाखवावे लागते. झाकण हवेच, ते घुमटाकार असलेच पाहिजे असे नाही. मूठ हवीच, ती ‘सी’सारखीच हवी असे नाही.

म्हणजे मेयर, देलफोर्ज, कालिमानी, मोनेता यांनी जे डोके चालवले, ते आज फुकट आहे. कॉफीच्या चवीत ज्याने तिळमात्र फरक पडत नाही, त्यावर मात्र मालकाची मोहोर आहे. युक्तीला मुदत असते. ओळखीला, ती टिकेल तोवर, नसते. ‘डिझायनर’ भांडे घेताना वरचे पैसे आपण बहुतांशी या ओळखीचेच मोजतो. चोथा खाली बसवण्याचे काम साधे भांडेही करते.