गाठींतले आकडे: इंकांचे किपू

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात इंका लोकांचे मोठे साम्राज्य होते. कुस्को ही त्यांची राजधानी आजच्या पेरू देशात आहे. कोठारांतले धान्य, गावोगावची माणसे, करापोटी करून घ्यायची कामे या सगळ्यांचा चोख हिशेब ते ठेवत, आणि तोही कागद-शाईशिवाय. हिशेब असे दोऱ्यांत. अशा दोऱ्यांच्या जुडग्याला किपू म्हणतात आणि ते बांधणाऱ्या-वाचणाऱ्या कारकुनाला किपूकामायोक.

एक जाड आडवी दोरी, तिला लोंबणारे सुती किंवा लोकरीचे रंगीत दोरे आणि दोऱ्यांवर गाठी, अशी किपूची रचना. या गाठी दशमान पद्धतीतल्या संख्या आहेत, हे लेलंड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने 1912 मध्ये दाखवून दिले. मोठी स्थाने वर, एकक सर्वांत खाली. 352 साठी वर तीन साध्या गाठी, थोडे अंतर सोडून पाच आणि टोकाकडे एककाची गाठ.

ही एककाची गाठ मात्र वेगळी असते, आणि खरी हुशारी इथेच आहे. एका दोऱ्यावर कधी दोन संख्याही एकीखाली एक बांधत. मग पहिली कुठे संपली हे कसे कळणार? म्हणून एककासाठी लांब गाठ: जितका अंक, तितके वेढे. पण एकच वेढा दिला तर ती साधीच गाठ होते! त्यामुळे 1 साठी 8 या आकड्याच्या आकाराची तिसरीच गाठ ठरवली गेली. शून्यासाठी गाठच नाही, नुसती मोकळी जागा. शेजारच्या दोऱ्यांवर तीच स्थाने एका ओळीत येत असल्याने ती जागा नजरेतून सुटत नसे.

बेरजाही होत्या. लिमाजवळच्या पुरुचुको येथे सापडलेल्या किपूंपैकी काहींची तपासणी गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझिन यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केली. एका किपूतल्या संख्यांची बेरीज दुसऱ्या, वरच्या पातळीच्या किपूत बांधलेली आढळली. लिपी नाही म्हणजे लोक अडाणी, असे मानणाऱ्यांनी हा पुरावा जरूर पाहावा.

स्पॅनिश लोकांनी साम्राज्य जिंकल्यावर पुष्कळ किपू नष्ट झाले. आज जगात हजाराच्या आसपास उरले आहेत. आकड्यांचे किपू वाचता येतात. ज्यांतल्या गाठी या नियमात बसत नाहीत, ते अजून कोणालाही उलगडलेले नाहीत.