मढ्यावरचं कापड, मांडवावरचं कापड



परवा एका कार्यकर्त्याच्या लग्नाची बैठक होती. मांडवाच्या सजावटीचा विषय निघाला, तसा एक पोरगा उठला. म्हणाला, "झालरी, पताका हा बायकांच्या हौसेचा भाग. त्यात आपला वेळ कशाला? इतिहास सभेत घडतो, शिवणात नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवली. घरी आलो आणि आईची बोटं आठवली. सुया टोचून टोचून निबर झालेली. म्हणून हा लेख.

आधी कापडाचाच इतिहास सांगतो. महारकीत आपल्या वाट्याला कुठलं कापड होतं? मढ्यावरचं. गावात कुणी मेलं की त्याच्या अंगावरचं कापड महाराचं. आणि त्याला नाव काय, तर 'हक्क'! पाटलाच्या घरी लग्न निघालं की लाकडं फोडायला महार. दसऱ्याला त्याच्या दारावर तोरण बांधायला मांग. म्हणजे दुसऱ्याचं दार आपण सजवायचं आणि आपल्या अंगावर मेलेल्याचं फडकं. या वतनदारीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणून घाव घातला. ती कायद्याने मोडली १९५८ च्या कायद्याने. तीस वर्षं लागली.

खुद्द बाबासाहेबांचं लग्न कुठं लागलं ठाऊक आहे? १९०६ च्या सुमारास, भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यावर, रात्री. बसायला बाजारातले दगडी ओटे, खालून गटाराचं पाणी. ज्या माणसाने पुढे देशाची घटना लिहिली, त्याच्या लग्नाला मांडव नव्हता. आता सांगा, आपल्या माणसाने मांडवाला एक पताका लावणं ही नुसती हौस आहे का?

लग्नातून भट हटवायचं काम जोतीराव फुल्यांनी सुरू केलं. सत्यशोधक समाज निघाला सप्टेंबर १८७३ मध्ये आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुढे चोपन्न वर्षांनी, त्याच तारखेला, महाडला मनुस्मृती जळाली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण सांगणारे ते जडजड दागिने टाकून द्या, म्हणाले. बायांनी नेसायची रीत बदलली. म्हणजे आपल्या चळवळीत कापड हा पहिल्यापासून राजकारणाचा विषय आहे. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी पोरींना बजावलं, लग्नाची घाई करू नका, आणि केलंत तर नवऱ्याची दासी होऊ नका, बरोबरीने उभ्या राहा.

मग आलं १९५६. ऑक्टोबरात धम्मदीक्षा. डिसेंबरात, महापरिनिर्वाणाच्या अगदी आधी, एका पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध लग्नाचा विधी सांगितला. होम नाही, सप्तपदी नाही. मधे पाण्याने भरलेलं नवं मडकं, त्यात सोडलेलं सूत, आणि सुताचं एक टोक वराच्या हाती, एक वधूच्या. दोघांच्या अंगावर पांढरी वस्त्रं. बास! हजारो वर्षांचं कर्मकांड काढून टाकल्यावर त्यांनी ठेवलं काय, तर सूत. ज्याने आपल्या आया फाटकं शिवत आल्या, ते सूत.

विधी मिळाला, पण मांडवाचं काय? मांडववाल्याकडे सगळा माल जुन्या देवांचा. बौद्धांसाठी बाजारात काही नव्हतं. मग ते कुणी केलं? घरोघरच्या बायांनी.

१९७८ च्या मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं, आमच्याच चाळीच्या पटांगणात. आदल्या रात्री मांडववाल्याने कमान उभी केली. वर हा मोठा गणपती, जरीत भरलेला. दुसरी कमान नाही म्हणाला. मावशी बघतच राहिली. म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, अन् पोरगी गनपतीखालून आत येनार व्हय? काढा पलंगपोस!"

रात्रभर पाच बाया बसल्या. पांढऱ्या पलंगपोसावर चक्र शिवायचं ठरलं. जुनं धोतर घट्ट निळीत बुडवून वाळवलं. परात उपडी ठेवून कोळशाने गोल काढला. आता चोवीस आऱ्या सारख्या अंतरावर कशा आखायच्या? मी मॅट्रिकला, कंपासपेटी शोधत होतो. आईने कापडाचा गोल तीनदा दुमडला. "हे झाले आठ. आता येकेकाचे तीन तीन कर. झाले चोवीस." माझ्या आईला सही येत नव्हती. उरलेल्या तुकड्यांच्या पंचशीलाच्या पताका झाल्या. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. हा ध्वज १८८५ साली सिलोनात फडकला, पुढे जगभरच्या बौद्धांनी घेतला. आमच्या चाळीत तो धावदोऱ्याने पोचला.

सकाळी गणपती झाकला गेला होता. नवरीने चक्राखालून पाऊल टाकलं.

पण गोष्ट इथं संपवली तर मी खोटा ठरेन. लग्न लागलं, भाषणं झाली. खुर्च्यांवर कोण? आम्ही पुरुष. सगळ्यांचे आभार मानले, मांडववाल्याचेसुद्धा. शिवणाऱ्या बायांचं नाव कुणी घेतलं नाही. त्या मांडवामागे भांडी घासत होत्या. बरोबरीने उभं राहायला सांगणाऱ्या बापाच्या फोटोसमोर हे झालं. त्या आभाराचा कागद मीच लिहिला होता.

आज बाजारात सगळं तयार मिळतं. बुद्धाची कमान, थर्माकोलचं चक्र, विजेच्या माळा. पैसे टाकले की दोन तासांत मांडव उभा. त्यासाठी कर्ज काढणारे बाप मी पाहिलेत. हप्ते फिटायच्या आत नातू चालायला लागतो. सावकाराच्या पैशाने लावलेली निळी झालर आपली कशी म्हणायची?

म्हणून त्या बैठकीतल्या पोराला सांगतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आलं, ते वाच. त्या दोघी बायांच्या दारोदार गेल्या, त्यांना बोलतं केलं. तू तुझ्या आजीपुरता तरी जा. घरातल्या ट्रंकेत तळाला एखादी विरलेली पताका असेल. कुणी शिवली, कुठल्या लग्नात, किती रात्री जागून, विचार. वहीत लिही. नावासकट लिही.

आणि पुढच्या लग्नात पताका घरीच शिवू. कापड बायांनी आणायचं नाही, तू आण. शिवायलाही तूच बस. सुईत दोरा ओवता येत नसेल तर आजी शिकवील.