डॅन विरुद्ध जॉन्स्टन (१९७६) : संगणकीय शोध आणि स्वयंस्पष्टतेचा निकष

प्रस्तावना :
संगणक आज्ञावलीला पेटंट द्यावे की नाही, या वादाचा इतिहास सांगताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ मधील गॉटशाक विरुद्ध बेन्सन आणि १९८१ मधील डायमंड विरुद्ध डीअर या निकालांचा उल्लेख हमखास होतो. त्या दोहोंमधील डॅन विरुद्ध जॉन्स्टन हा निकाल मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचे ऐतिहासिक महत्त्व तपासले आहे.

वादाचे स्वरूप :
जॉन्स्टन यांची योजना बँकेच्या ग्राहकांसाठी होती. ग्राहकाने धनादेशावर खर्चाच्या प्रकाराचा सांकेतिक अंक लिहावयाचा आणि बँकेच्या संगणकाने भाडे, वेतन इत्यादी शीर्षांनुसार वर्गीकृत हिशेब त्यास द्यावयाचा. पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. मोठ्या संस्थेच्या विविध विभागांचे हिशेब ठेवणारी डर्क्स यांची पेटंटप्राप्त प्रणाली पूर्वीच ज्ञात असल्याने हा शोध स्वयंस्पष्ट ठरतो, हे नकाराचे एक कारण होते. जॉन्स्टन यांनी दाद मागितली. १९७४ मध्ये सीमाशुल्क व पेटंट अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. एका संस्थेचे विभाग आणि बँकेचे स्वतंत्र ग्राहक यांतील भेद त्या न्यायालयास महत्त्वाचा वाटला.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका :
३१ मार्च १९७६ रोजी न्या. थरगुड मार्शल यांनी हा निकाल फिरविला. १९५२ च्या पेटंट कायद्यातील कलम १०३ आणि १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर या निकालाचा त्यास आधार होता. पूर्वज्ञान व नवी योजना यांत फरक आहे, एवढ्यावरून शोध सिद्ध होत नाही. तो फरक सामान्य माणसाच्या नव्हे, तर त्या क्षेत्रातील जाणकाराच्या दृष्टीने मोजला पाहिजे. अशा जाणकारास बँकांतील संगणकांचा व्यापक वापर आणि डर्क्स यांची प्रणाली या दोन्ही गोष्टी ठाऊक असणार, असे न्यायालयाने गृहीत धरले.

निष्कर्ष :
आज्ञावली मुळात पेटंटयोग्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने जाणीवपूर्वक टाळले. त्यामुळे मूळ वाद अनिर्णित राहिला. परंतु संगणकीय शोधालाही इतर शोधांचीच कसोटी लागू होते, हे स्पष्ट झाले. नकाराविरुद्ध दाद मागणाऱ्याने केवळ फरक दाखवून भागत नाही. तो फरक जाणकारासही सहज का सुचला नसता, हे पटवून द्यावे लागते. या निकालाचा खरा वारसा हाच होय.