थोरला माळ

संकेश्वरच्या अलीकडे, पुणे-बंगळूर रस्त्यापासून मैलभर आत, आमच्या घराण्याचे एकवीस एकरांचे एक सलग रान आहे. जुन्या कागदांत त्याचा उल्लेख 'थोरला माळ' असा येतो. १९७६ साली आजोबा वारले आणि वर्षभरातच त्या माळाच्या वाटणीवरून माझे वडील आणि थोरले काका यांच्यात दावा सुरू झाला. तो मिटला १९९५ साली. मधल्या अठरा वर्षांत माळावर औत फिरले नाही. कोर्टाचा 'जैसे थे' हुकूम होता. आणि तरीही माळ रिकामा नव्हता. त्यावर काँग्रेस माजले होते.

राजकारणी मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये. हे गवताचे नाव आहे आणि ते मी ठेवलेले नाही. पांढऱ्या टोप्या घातलेला जमाव दिसावा तशी त्याची फुले दिसतात म्हणून हे नाव पडले, असे एक सांगतो. काँग्रेसच्या राज्यात अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले म्हणून, असे दुसरा सांगतो. पानांवरून कोणी त्याला गाजर गवत म्हणतात. कोठे कोठे 'चटक चांदणी' असेही म्हणतात. इतके गोड नाव इतक्या कडू झाडाला कोणी दिले असेल, याचे मला नेहमी नवल वाटते.

गव्हाची गोष्ट आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिच्यावर शंका घेणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. पण तारखा पाहाव्यात. हे झाड पुण्यात उकिरड्यांवर दिसले ते १९५५ च्या सुमारास, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांची त्यावरची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली ती १९५६ साली. ज्या 'पी. एल. ४८०' कायद्याखालच्या गव्हाला आपण दोष देतो, त्याचा भारताशी पहिला करार झाला १९५६ च्या ऑगस्टात. म्हणजे पाहुणा आधी आणि आमंत्रण नंतर! त्याआधी १९५१ साली अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता. त्यातून बी आले असणे शक्य आहे. पण मुळात कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील झाडांची जी यादी रॉक्सबर्गच्या नावाने १८१४ साली छापली गेली, तिच्यातही हे नाव आहे. बी येणे ही एक गोष्ट आणि ते माजणे ही दुसरी. येण्याचा दोष परक्याच्या गव्हावर टाकता येतो. माजण्यासाठी मात्र मोकळी, कोणी हात न लावलेली जमीन लागते, आणि ती आपणच पुरवली.

आमच्या माळाने असे पाहुणे यापूर्वीही पाहिले होते. आजोबा सांगत की त्यांच्या तरुणपणी निम्मा माळ फड्या निवडुंगाखाली होता, इतका दाट की त्यात शिरलेले करडू पुन्हा हाती लागत नसे. मग एके वर्षी फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. चिरडले की बोटे लाल होत. दोन-तीन वर्षांत फड्या कुजून खाली बसल्या. आजोबांच्या मते ही गावदेवीची कृपा होती. खरा प्रकार निराळा होता. किरमिजी रंग देणाऱ्या किड्याच्या जातभाईचे हे काम. १७९५ साली ब्राझीलहून कलकत्त्यास रंगाचा किडा समजून एक किडा आणला गेला. त्याचा रंग हलका निघाला, पण एका जातीच्या निवडुंगाचा त्याने फडशा पाडला. आमच्याकडच्या निवडुंगाला तो तोंड लावीना. त्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून दुसरा किडा दक्षिण भारतात आणावा लागला, आणि थोड्याच वर्षांत त्याने हजारो एकर जमीन मोकळी केली.

या हकिगतीने आमच्या घरात एक वाईट खोड लावली. काँग्रेस गवत दिसू लागले तेव्हा वडील आणि काका, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, एका गोष्टीवर एकमताचे होते: येईल एखादा किडा आणि खाईल.

किडा आलाही. १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगेरा बंगळूरला आणला गेला आणि १९८४ साली तो रानात सोडला गेला. पिवळसर अंगावर तपकिरी पट्ट्या, आकार तुरीच्या दाण्याएवढा. पुढे १९९१ च्या सुमारास तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि शेतकऱ्यांत एकच ओरड झाली. तपासाअंती निघाले ते असे की काँग्रेसचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्या वासाने फसून भुंगेरा ते पान कुरतडतो. पण गवत आणि निवडुंग यांत फरक आहे. निवडुंग जागचा हलत नाही आणि त्याचा किडा बारा महिने त्याच्या अंगावर बसून असतो. काँग्रेस उगवल्यापासून महिनाभरात फुलावर येते, एक मोठे झाड पंधरा-वीस हजार बिया टाकते, आणि मातीत गाडलेले बी काही वर्षे वाट पाहत राहते. भुंगेरा पावसाळ्यात पाने चाळणीसारखी करतो आणि कोरडे दिवस आले की मातीत शिरून झोपी जातो. मग विहिरीच्या पाटाकडेला गवत पुन्हा हिरवे.

आता जे सांगायचे ते सांगतो. माळाच्या पूर्वेला एका बाईचे दीड एकर होते. त्या आमच्याकडे भांगलणीला येत. १९८५ नंतर त्यांच्या हातांना, मानेला, पापण्यांना चट्टे पडू लागले. हा आजार पुण्याच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकातच ओळखला होता. गवताला हात न लावताही, नुसत्या वाऱ्यावरच्या धुरळ्याने तो होतो. एका सकाळी त्या आमच्या सोप्यात येऊन उभ्या राहिल्या.

"अप्पा, तुमच्या माळावरनं वारं आलं की माजं त्वांड सुजतंय. कापा की वो ते गवात."

वडील म्हणाले, "कोर्टाचा हुकूम आहे बाई. मी काय करू?"

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि वडिलांचे उत्तर मला बरोबर वाटले होते. पुढे कागद चाळताना कळले की हुकूम वाटणी, विक्री आणि पेरणी याबद्दल होता. गवत उपटायला कोणाची मनाई नव्हती. उलट, कर्नाटक सरकारने १९७५ सालीच हे गवत उपद्रवी म्हणून जाहीर केले होते. खरे कारण वेगळेच होते. दोघाही भावांच्या वकिलांनी सल्ला दिला होता की जो माळावर मजूर घालील त्याची वहिवाट सिद्ध होईल. म्हणून वडिलांनी काकांच्या मजुरांना शिरू दिले नाही आणि काकांनी वडिलांच्या. अठरा पावसाळे आम्ही वहिवाट सांभाळली आणि बी शिवारभर उडत राहिले. त्या बाईंनी १९९१ साली ते दीड एकर विकले आणि मुलाकडे इचलकरंजीला गेल्या. कोर्टाच्या कागदांत त्यांचा कोठेही उल्लेख नाही.

१९९५ साली तडजोड झाली. माझ्या वाट्याला साडेदहा एकर आले आणि शहाणपण शून्य. मी ट्रॅक्टर लावून ऐन फुलोऱ्यातले गवत नांगरून टाकले. पुढच्या जूनमध्ये उगवले ते गालिच्यासारखे. मी बी पेरलेच होते ना! दोन वर्षे पैसे आणि तणनाशक घालवल्यावर एका शेजाऱ्याने, ज्याला मी अण्णा म्हणतो, मला कडेपासून सुरुवात करायला लावली. आधी गाडीवाट, विहीर आणि गोठ्याचा परिसर, मग बांध, सगळ्यात शेवटी मधले रान. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की फुलाआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचे आणि खड्ड्यात कुजवायचे. उरलेल्या पडीक भागात टाकळा. आपण ज्याची भाजी करतो तोच. तो एकदा दाट उगवला की काँग्रेसला उजेड मिळू देत नाही. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की बी झोडून ठेवायचे आणि वळवाच्या आधी फोकायचे. भुंगेरे आम्ही पावसाळ्यात भोकाच्या बाटलीत भरून रस्त्याकडेच्या गवतातून आणले. तेही कामाला आले, पण कोणा एकावर भरवसा ठेवण्याचे दिवस गेले होते.

सात वर्षे लागली. अजूनही विहिरीजवळ दरवर्षी शे-दोनशे रोपे निघतात.

काकांच्या वाट्याचे साडेदहा एकर त्यांच्या मुलाने काही वर्षांपूर्वी प्लॉट पाडायला दिले. दगड रोवले गेले, रस्ते आखले गेले, घरे मात्र अजून नाहीत. दगडांच्या रांगांमधून गवत कमरेएवढे झाले आहे. गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला.

"दादा, ती जमीन आता माझी कुठे आहे?" तो म्हणाला. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, "टाकळ्याचं बी किती लागेल?"

शेंगा अजून हिरव्या आहेत. महिनाभर थांब, असे मी त्याला सांगितले आहे.